जीन एडिटिंगचं बियाणं आलं, पण पिशवीवर ते लिहायचं कुणी? जगाचे नियम आणि मेहकरचं सोयाबीन

‘चोर बीटी’ म्हणजे काय, हे मेहकर, लोणार, चिखली भागात कपाशी लावणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. वरून तणनाशक मारलं तरी न मरणारी कपाशी. तिला सरकारची मंजुरी नाही, पिशवीवर खरं नाव नाही, दुकानाचं पक्कं बिल नाही. तरी ती वावरात आहे. नियम दिल्लीत एक आणि जमिनीवर दुसराच, याचं विदर्भातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे हे बियाणं.

आता त्याच्या पुढचा विषय आलाय. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत भाताचे दोन नवे वाण जाहीर केले. एकाचं नाव डीआरआर धान १०० म्हणजेच ‘कमला’, दुसऱ्याचं पुसा डीएसटी राइस १. दोन्ही जीन एडिटिंग करून तयार केलेले. तेलबिया आणि कडधान्यांवरही असंच काम सुरू झाल्याचं तेव्हाच सांगण्यात आलं. या तंत्रासाठी केंद्रानं २०२३-२४ च्या बजेटमध्ये ५०० कोटी रुपये ठेवले होते.

तुम्ही म्हणाल, भात आपल्याकडे पिकतो कुठं? बरोबर आहे. पण तेलबिया म्हटलं की सोयाबीन आलं, कडधान्य म्हटलं की तूर आणि हरभरा आला. म्हणजे मेहकर तालुक्याचा खरीप आणि रब्बी दोन्ही आले. त्यामुळे हे बियाणं कुठल्या नियमानं येणार, त्याची चाचणी कोण करणार आणि ते पिशवीवर लिहिलेलं असणार का, हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे.

जीएम आणि जीन एडिटिंग, फरक काय?

सोशल मीडियावर दोन्ही शब्द एकाच अर्थानं फिरतात. पण कायद्याचा सगळा वाद याच फरकावर उभा आहे.

सातबाऱ्याचं उदाहरण घ्या. समजा, पिकाची सगळी माहिती एका लांबलचक उताऱ्यावर लिहिलेली आहे. जीएम म्हणजे त्या उताऱ्यात दुसऱ्याच गावच्या उताऱ्यातला अख्खा परिच्छेद आणून चिकटवणं. बीटी कपाशीत हेच झालं. मातीतल्या एका जीवाणूचं जनुक कपाशीत घातलं, त्यामुळे कपाशीच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार करू लागली.

जीन एडिटिंगमध्ये बाहेरचा परिच्छेद आणावाच लागतो असं नाही. पिकाच्या स्वतःच्याच उताऱ्यात नेमक्या ठिकाणी जाऊन एखादं अक्षर खोडायचं किंवा बदलायचं. यासाठी आज सगळ्यात जास्त वापरलं जाणारं तंत्र म्हणजे क्रिस्पर-कॅस९. ते शोधणाऱ्या इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या खाडाखोडीचे शास्त्रज्ञ तीन प्रकार करतात. पहिला, एसडीएन-१. यात जनुक ठरलेल्या जागी कापायचं आणि जोडणी पेशीवर सोडायची. जोडताना एखादं अक्षर गळतं किंवा बदलतं. दुसरा, एसडीएन-२. यात दुरुस्तीचा नमुना सोबत देतात, पेशी तो पाहून थोडासा बदल करते. तिसरा, एसडीएन-३. यात त्या जागी मोठा, बहुधा बाहेरचा तुकडा बसवतात. म्हणजे तिसरा प्रकार पुन्हा जीएमच्या जवळ जातो.

कमला आणि पुसा डीएसटी हे दोन्ही वाण पहिल्या प्रकारातले आहेत. कमला तयार झाला सांबा मसुरी या लोकप्रिय वाणापासून, हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेत. सरकारी माहितीनुसार तो मूळ वाणापेक्षा साधारण १९ टक्के जास्त उत्पादन देतो आणि २० दिवस आधी तयार होतो. पुसा डीएसटी हा एमटीयू १०१० पासून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं तयार केलाय, खारवट जमिनीसाठी. दोन्ही वाणांची शिफारस ज्या राज्यांसाठी झाली, त्यात महाराष्ट्र आहे. या चाचण्यांच्या आकडेवारीवर ‘जीएम-मुक्त भारत’ आघाडीनं प्रश्न उपस्थित केले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेनं ते फेटाळले, हेही लक्षात ठेवायला हवं.

भारतानं नेमकं काय ठरवलं?

आपल्याकडे जीएम पिकांसाठी १९८९ चे नियम आहेत. ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतात. या नियमांमुळे कुठल्याही जीएम पिकाला जीईएसी या केंद्रीय समितीच्या दारातून जावं लागतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्या, मग बंदिस्त जागेत, मग शेतावर, मग समितीची शिफारस, मग सरकारचा निर्णय. यात दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

या दारातून आजवर शेतापर्यंत एकच पीक पोचलं, बीटी कपाशी. मार्च २००२ मध्ये तिला मंजुरी मिळाली. ती आणणारी महिको कंपनी मूळ जालन्याची. मेहकरहून सिंदखेड राजा ओलांडलं की पुढचं मोठं गाव जालनाच. बीटी वांग्याला समितीनं हिरवा कंदील दिला होता, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. ते आजही थांबलेलंच आहे. डीएमएच-११ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे निकाल एकमेकांच्या विरुद्ध आले. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं, ते म्हणजे केंद्रानं जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण तयार करावं.

जीन एडिटिंगसाठी मात्र सरकारनं वेगळी वाट काढली. ३० मार्च २०२२ रोजी पर्यावरण मंत्रालयानं एक आदेश काढला. एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारातल्या पिकांत शेवटी बाहेरचं जनुक शिल्लक नसेल, तर त्यांना १९८९ च्या नियमांतल्या ७ ते ११ या नियमांतून सूट. म्हणजे जीईएसीचं दार बंद नाही, पण त्या दारातून जायची गरजच नाही. बाहेरचं जनुक नाही ना, याची खात्री संस्थेच्या पातळीवरची जैवसुरक्षा समिती करते आणि तिच्या वरच्या समितीला कळवते. त्यानंतर तो वाण इतर कुठल्याही नव्या वाणासारखा पुढं जातो.

संशोधकांना हा निर्णय आवडला. खर्च आणि वेळ दोन्ही वाचतात, त्यामुळे फक्त बड्या कंपन्याच नाही तर सरकारी संस्था आणि कृषी विद्यापीठंही या कामात उतरू शकतात. हा मुद्दा खरा आहे. जीएमच्या लांब आणि महागड्या परवानग्यांत छोटा खेळाडू टिकत नाही, हे वीस वर्षांत दिसलंय.

पण आदेशानं एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. बियाणं सामान्य मानलं, ठीक. पण ते जीन एडिटेड आहे हे शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि खाणाऱ्याला कळणार कसं?

जगात कोण कुठं उभं आहे?

ढोबळमानानं जगात दोन विचार आहेत. एक म्हणतो, शेवटी हातात काय आलं ते बघा. बाहेरचं जनुक नसेल तर ते साधं पीक. दुसरा म्हणतो, ते कसं घडवलं हेही बघा.

अर्जेंटिना पहिल्या विचाराचा सगळ्यात जुना देश. २०१५ मध्येच त्यांनी नियम केला. कंपनीनं आपलं पीक आधी सरकारला दाखवायचं, त्यात परकं जनुक नसेल तर सरकार ते जीएम मानत नाही. निर्णय प्रत्येक पिकागणिक वेगळा. हा देश सोयाबीनच्या जोरावर उभा आहे, म्हणून त्यांना घाई होती. पुढं ब्राझीलनंही २०१८ मध्ये हीच पद्धत घेतली.

अमेरिकेत २०१६ मध्ये कापल्यावर लवकर काळं न पडणाऱ्या एडिटेड मशरूमला कृषी विभागानं ‘हे आमच्या नियमात बसत नाही’ असं पत्र दिलं. २०१९ मध्ये कॅलिक्स्ट या कंपनीनं एडिटेड सोयाबीनचं तेल बाजारात आणलं. म्हणजे जगात सुरुवातीला विकल्या गेलेल्या एडिटेड खाद्यपदार्थांत सोयाबीनच होतं. २०२० मध्ये अमेरिकेनं नवे, आणखी सैल नियम केले. पण २ डिसेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टानं ते रद्द केले आणि जुनी चौकट परत आली. म्हणजे ‘अमेरिकेत सगळं मोकळं आहे’ हे व्हॉट्सॲपवर जितकं सोपं दिसतं तितकं नाही.

जपानमध्ये कंपनीनं सरकारला आधी माहिती द्यायची, सरकार ती यादी लोकांसमोर ठेवतं. तिथं २०२१ मध्ये एडिटेड टोमॅटो आला. त्यात गाबा नावाचं द्रव्य जास्त असतं. आधी रोपं घरी बाग करणाऱ्यांना दिली, मग टोमॅटो विकायला आले. लेबलची सक्ती नव्हती, तरी कंपनीनं स्वतःहून ते लिहिलं.

चीननं जानेवारी २०२२ मध्ये एडिटेड पिकांसाठी वेगळे नियम केले. सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं, पण जीएमपेक्षा टप्पे कमी. २०२३ मध्ये पहिलं प्रमाणपत्र मिळालं ते एका सोयाबीनला. परत सोयाबीन.

इंग्लंडनं युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२३ मध्ये वेगळा कायदाच केला. पिकांसाठीचे त्याचे नियम १३ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. हे फक्त इंग्लंडमध्ये. स्कॉटलंड आणि वेल्स त्यात नाहीत. खाद्यपदार्थावर लेबल सक्तीचं नाही, पण मंजूर वाणांची नोंदवही सगळ्यांना पाहता येते.

युरोपीय संघ इतकी वर्षं दुसऱ्या टोकाला होता. २५ जुलै २०१८ रोजी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, एडिटेड पीक म्हणजे जीएमच, त्यालाही २००१ चेच कडक नियम. मग २०२३ मध्ये युरोपीय आयोगानं बदल सुचवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसद आणि सदस्य देशांच्या प्रतिनिधींमध्ये तात्पुरती सहमती झाली. त्यानुसार ज्या पिकांतले बदल थोडे आणि निसर्गातही होऊ शकले असते असे आहेत, ती साध्या पिकांसारखी. बाकीची जीएमच्या नियमात. पण तीन अटी नीट वाचा. साध्या मानलेल्या पिकांतही बियाण्याच्या पिशवीवर नोंद हवीच. सेंद्रिय शेतीत ती चालणार नाहीत. आणि तणनाशक सहन करणारी पिकं या सवलतीत बसणार नाहीत.

याशिवाय ऑस्ट्रेलियानं २०१९ मध्ये एसडीएन-१ ला सूट दिली, नायजेरिया आणि केनियानं स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं केली, तर दक्षिण आफ्रिकेनं २०२१ मध्ये एडिटेड पिकंही जीएमच्याच नियमात ठेवली.

या यादीतून एक गोष्ट दिसते. चाचणी किती कडक, यावर देशांचं पटत नाही. पण ज्यांनी चाचणी सैल केली, त्यातल्या बहुतेकांनी कुठंतरी ‘लिहून’ ठेवायची सोय केली. जपाननं यादी ठेवली, इंग्लंडनं नोंदवही, युरोपनं पिशवीवरची ओळ. अमेरिकेचा कृषी विभागही कंपन्यांना दिलेली पत्रं वेबसाइटवर टाकत आलाय. भारतानं चाचणीचं दार सोपं केलं, पण शेतकऱ्याच्या हातातल्या पिशवीवर काय लिहायचं हे अजून ठरवलेलं नाही.

लिहिण्यानं मेहकरला काय फरक पडतो?

भावाचा फरक पडतो. ऑगस्ट २०२१ आठवा. सोयाबीन दहा हजार रुपये क्विंटलच्या घरात होतं. कोंबडीखाद्य महाग झालं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडत होते. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. भारतात जीएम सोयाबीन पिकवायला मंजुरी नाही, मग पेंड कशी चालली? पर्यावरण मंत्रालयाचं म्हणणं असं की, पेंड दळलेली, तेल काढलेली असते, त्यात जिवंत जीव नसतो, म्हणून आमची हरकत नाही.

पुढच्या दोन महिन्यांत भाव पाच-सहा हजारांवर आले. नवीन माल बाजारात येत होता, त्यामुळे सगळं खापर आयातीवर फोडता येणार नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘जीएम कशाला म्हणायचं’ ही व्याख्या कागदावर एका ओळीनं बदलली की त्याचा धक्का बाजार समितीच्या ओट्यापर्यंत येतो.

आणि हो, खाण्यातलंही बघा. आपण अर्जेंटिना आणि ब्राझीलहून सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणात आयात करतो. तिथलं बहुतेक सोयाबीन जीएम आहे. त्या पिशवीवर तुम्ही कधी तसं वाचलंय?

दुसरा मुद्दा निर्यातीचा. भारतीय सोयापेंड जगात ‘बिगर-जीएम’ म्हणून ओळखली जाते. काही ग्राहक देश त्यासाठी जास्त पैसे मोजतात. उद्या एडिटेड सोयाबीनचं वाण आलं आणि मेहकरच्या यार्डात सगळा माल एकाच ढिगात गेला, तर निर्यातदार खरेदीदाराला काय सांगणार?

इथं एक अडचण आहे. जीएम असेल तर प्रयोगशाळेत परकं जनुक सापडतं. एडिटेड पिकात परकं काहीच नसतं. कुठलं अक्षर बदललंय हे आधी माहीत असेल तर ते शोधता येतं, पण तो बदल माणसानं केला की निसर्गानं, हे नुसत्या चाचणीवरून सिद्ध करता येत नाही. म्हणजे माल वेगळा ठेवायचा असेल तर आधार एकच, कागद. पिशवीवरची नोंद, दुकानाचं बिल, अडत्याची पावती.

कागद नसला की काय होतं, हे अमेरिकेच्या भात उत्पादकांनी भोगलंय. २००६ मध्ये मंजुरी नसलेल्या जीएम तांदळाचे अंश अमेरिकेच्या तांदळात सापडले. युरोपनं दारं आवळली, भाव पडले. शेतकऱ्यांनी तसलं काही पेरलंच नव्हतं. शेवटी २०११ मध्ये बायर कंपनीनं ७५ कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं मान्य केलं. ते शेतकरी कोर्टात टिकले, कारण त्यांच्याकडे वकील आणि नोंदी दोन्ही होत्या. आपल्याकडं बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रार करायची तरी आधी बिल आणि पिशवीचं लेबल मागतात.

‘लेबल कशाला?’ म्हणणाऱ्यांचं काय?

त्यांचाही मुद्दा ऐकायला हवा, कारण तो पोकळ नाही.

ते म्हणतात, माणूस पिकांची जनुकं आजच बदलत नाहीये. किरणोत्सार वापरून बदल घडवायचं तंत्र कित्येक दशकं जुनं आहे. त्यात हजारो बदल आंधळेपणानं होतात, त्यातून चांगलं ते निवडायचं. आपल्याच भागातलं उदाहरण म्हणजे टीएयू-१ हा उडीद. नावातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कामातून १९८५ मध्ये तो आला. किरणोत्सारानं बदललेल्या उडदाशी संकर करून तो तयार केला होता. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं तो पेरला, त्याचे वडे-पापड झाले. त्यावर कुणी इशारा छापला नाही. मग नेमक्या जागी एकच अक्षर बदललेल्या पिकावर लेबल कशाला? लोक घाबरतील, चांगलं वाण मागं पडेल.

शास्त्राच्या दृष्टीनं यात तथ्य आहे. एडिटेड म्हणजे धोकादायक, असं मानायला आधार नाही. पण सगळी लेबलं धोक्याची नसतात. टीएयू-१ च्या पिशवीवर टीएयू-१ लिहिलेलं असायचं. शेतकऱ्याला वाण माहीत होतं, विद्यापीठाचं नाव माहीत होतं, पुढच्या हंगामाला घरचं बियाणं ठेवता येत होतं. इथं मागणी तेवढीच आहे. हे वाण एडिटेड आहे, अमुक संस्थेनं केलंय, अमुक गुण बदललाय. सिगारेटच्या पाकिटासारखं चित्र छापा, असं म्हणणं नाही.

चोर बीटीनं काय शिकवलं?

तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीसाठी महिकोनं मंजुरी मागितली होती. २०१६ मध्ये कंपनीनं अर्ज मागं घेतला. पण बियाणं तोवर बाहेर पडलं होतं. निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, म्हणून शेतकऱ्यांनी ते उचललं. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं जाहीरपणे या कपाशीची लागवड करून सविनय कायदेभंग केला. तेव्हाच्या कायद्यात यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद होती.

त्यांची मागणी तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची होती. ती पटो न पटो, पण परिणाम बघा. मंजुरी रखडली, मागणी थांबली नाही, आणि मधल्या जागेत बेनामी पिशवी आली. ती उगवली नाही तर तक्रार कुणाकडं करणार? बोंडअळी आली तर जाब कुणाला विचारणार? बिल मागितलं तर दुकानदार ओळखच देत नाही.

म्हणून ‘सरसकट बंदी घाला’ हे उत्तर विदर्भात चाललेलं नाही. आणि ‘सगळं मोकळं सोडा, नोंदही नको’ हे उत्तर उद्या तसाच अंधार तयार करेल, फक्त यावेळी कायदेशीर. दोन्हीकडं नुकसान एकाचंच, ज्याच्या हातात पिशवी आहे त्याचं.

मग करायचं काय?

यासाठी नवीन कायद्याची वाट पाहायची गरज नाही, जागा तयार आहे. केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर केला. त्यात बियाण्याच्या पिशवीवर क्यूआर कोड आणि ते कुठून आलं याचा माग ठेवण्याची कल्पना आहे. त्या कोडमागच्या माहितीत एक ओळ वाढवायची, ‘जनुक-संपादित, बदललेला गुण अमुक’. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहे.

दुसरी जागा अन्नाची. खाद्यपदार्थांवरच्या लेबलचे नियम एफएसएसएआय करते आणि ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाखाली येते. बुलढाण्याचे खासदार आणि मेहकरचे माजी आमदार प्रतापराव जाधव जून २०२४ मध्ये याच मंत्रालयाचे राज्यमंत्री झाले. म्हणजे हा प्रश्न विचारायला मेहकरकरांना फार लांब जायला नको.

तिसरी गोष्ट मालकीची. आपल्या पेटंट कायद्यात झाडं आणि बियाण्यांवर पेटंट मिळत नाही. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नुसार शेतकरी स्वतःचं बियाणं राखू, पेरू, बदलू शकतो, आणि ब्रँडचं नाव न लावता विकूही शकतो. सोयाबीनमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण दरवर्षी कित्येक जण घरचंच बियाणं उगवण तपासून पेरतात. पण एडिटिंगच्या तंत्रावर परदेशी विद्यापीठं आणि कंपन्यांची पेटंट आहेत, त्यामुळे व्यापारी वापरासाठी परवाना लागतो. त्या परवान्याची किंमत शेवटी बियाण्याच्या दरात धरली जाणार का आणि घरचं बियाणं ठेवण्यावर काही अट येणार का, हे वाण बाजारात यायच्या आधी सरकारनं स्पष्ट सांगायला हवं.

पुढं लक्ष कुठं ठेवायचं?

तीन ठिकाणी. एक, सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं राष्ट्रीय धोरण येतं तेव्हा त्यात एडिटेड पिकांबद्दल काही आहे का. दोन, बियाणे विधेयकाच्या अंतिम मसुद्यात क्यूआर कोडमध्ये नेमकी कोणती माहिती सक्तीची आहे. तीन, युरोपचा नियम लागू होताना आयात मालाच्या कागदपत्रांत ते काय मागतात, कारण आपल्या पेंडेचा खरेदीदार तेच मागणार.

आणि या हंगामात, बियाणं साधं असो की नवं, पक्कं बिल घ्या. पिशवी आणि तिच्यावरचा टॅग पीक निघेपर्यंत फेकू नका. पिशवीतलं मूठभर बियाणं बाजूला ठेवा. नियम कुठल्याही देशाचा असो, तक्रार करायची वेळ आली की पहिल्यांदा हेच मागतात.